नंबर परत म्हण

माझं कामच दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं. पुण्यातल्या ऑफिसात बसून मी कुणाकुणाचे स्क्रीन उघडते, बिघडलेलं नीट करते आणि बाहेर पडते. त्यामुळे भोपाळला बाबांचा प्रिंटर रुसला की समजूत मीच काढायची, हे घरात कुणी ठरवलं नाही, आपोआप ठरून गेलं.

घर म्हणजे कारखान्याच्या टाउनशिपमधलं क्वार्टर. बाबा हॅमर शॉपमधून, म्हणजे यांत्रिक घणांच्या विभागातून, रिटायर झाले, पण आई अजून टाउनशिपच्या हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे, म्हणून क्वार्टर टिकलंय. बाबांचा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, प्रिंटर त्याच्या शेजारी. तो मी नेटवर्कवर शेअर करून दिला होता, म्हणजे आईला आपल्या लॅपटॉपवरून छापता येईल आणि वरच्या मजल्यावरच्यांनाही. बाबांना त्याचं कोण कौतुक! मराठी मंडळाच्या गणपतीची पत्रकं, शेजाऱ्यांची रेल्वेची तिकिटं, सगळं आमच्याकडे. शाई संपली की बाबा स्कूटर काढून अशोका गार्डनच्या बाजारात कार्ट्रिज भरायला जाणार. घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. जरा काही हललं की प्रिंटर सगळ्यांना बंद दिसायचा, आणि मग फोन मला.

सुरुवातीला आम्ही ऑफिसात वापरतो तोच प्रकार मी तिथे लावून पाहिला. त्यात मी इकडून आत शिरले की तिकडच्या माणसाचा स्क्रीन कुलूपबंद होतो. बाबांना वाटलं, कॉम्प्युटर गेला. "अगं, सगळं गेलं बघ," असं ते आईला सांगत होते ते मला फोनवर ऐकू आलं. वर आणखी एक गंमत. तो प्रकार माझ्याकडची यंत्रंही, अगदी प्रिंटरसुद्धा, सोबत घेऊन जातो. मी भोपाळच्या कॉम्प्युटरवर मंडळाच्या आरत्यांचा कागद छापायला दिला आणि तो निघाला पुण्यात, आमच्या ऑफिसच्या प्रिंटरमधून. काखेत कळसा नि गावाला वळसा. साहेबांनी तो कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला.

मग दुसरं सॉफ्टवेअर घातलं. ते उघडलं की बाबांच्या स्क्रीनवर नऊ आकडी नंबर यायचा. तो त्यांनी मला फोनवर वाचून दाखवायचा, मी इकडे टाकायचा, मग त्यांनी परवानगीचं बटण दाबायचं, की दोघांनाही एकच स्क्रीन दिसणार. यात बाबा खुलले. हॅमर शॉपमध्ये घण पडत असताना जॉबचा नंबर सांगायचा, तर ऐकणाऱ्याने तो परत म्हणायचा आणि सांगणाऱ्याने 'सही' म्हटल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, अशी रीत. तीच त्यांनी मला लावली. तीन-तीन आकडे तोडून, खड्या आवाजात वाचायचे आणि म्हणायचे, "हं, आता परत म्हण." मी म्हटला की "बरोबर." घरात मराठी असल्यामुळे 'सही'चं 'बरोबर' झालं होतं, एवढंच.

जोडणी झाल्यावरही ते फोन ठेवायचे नाहीत. मी प्रिंटर दुरुस्त करत असायचे आणि ते सांगत असायचे, कोणाचं क्वार्टर रिकामं झालं, मागच्या जांभळाला यंदा किती फळ धरलंय, मंडळात कोण कोणावर फुगून बसलंय. मी हं हं करायचे. कधी कधी तेही नाही.

एकदा ऑफिसात नुसती पळापळ होती, त्यातच प्रिंटर बसला. बाबांनी नंबर वाचला, मी परत म्हटला, ते म्हणाले, "बरोबर." लागेना. पुन्हा तेच. पुन्हा "बरोबर." तिसऱ्या वेळेला माझ्या लक्षात आलं, की मधले दोन आकडे मीच उलटे लिहून घेतले होते आणि उलटेच म्हणत होते. माझी सटकली. "बाबा, मी चुकीचा म्हणतेय तरी तुम्ही बरोबर कसं म्हणता? लक्ष कुठे असतं तुमचं?"

ते मग म्हणाले, "अच्छा, अच्छा. चालू दे तुझं."

जोडणी झाल्याबरोबर मी तिसरं सॉफ्टवेअर घालून टाकलं. यात एकदा पासवर्ड ठरवला की संपलं. नंबर नको, परवानगी नको, कॉम्प्युटर चालू असला की मी केव्हाही आत. फोनवर सांगितलं, "आता तुम्हाला काही करायलाच नको." त्यावरही ते "अच्छा" म्हणाले. मी स्वतःवर जाम खूश होते.

त्यानंतर मी जेवणाच्या सुट्टीत आत शिरायचे, अडकलेले कागद मोकळे करायचे, बाहेर. काम झटपट व्हायचं. फोन बंद झालेत हे मला जाणवलं नाही असं म्हणायला जीभ रेटत नाही. जाणवलं होतं, आणि बरंही वाटलं होतं.

अशाच एका दुपारी मी आत होते आणि स्क्रीनवर आपोआप नोटपॅड उघडलं. एकेक अक्षर उमटायला लागलं, इंग्रजी अक्षरांतलं मराठी. जेवलीस का. बाबा समोर बसले होते तर. माझ्या माउसचा बाण फिरताना पाहत होते. मला मीटिंगला पळायचं होतं, आणि ती खिडकी नेमकी प्रिंटरच्या खिडकीवर आली होती. मी ती बंद केली. कॉम्प्युटरने विचारलं, हे जपून ठेवायचं का? मी 'नको'वर टिचकी मारली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच उमटलं, आणि पुन्हा मी तेच केलं. संध्याकाळी फोन करून सांगू म्हटलं, आणि संध्याकाळी विसरले.

मग आईचा फोन आला. आई सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

"ते टाइप करतात ते तू बंद करतेस म्हणे."

"अगं, घाईत होते."

"त्यांना फोनवर ऐकू येत नाही. डावा कान तर गेलाच, उजव्याने जेमतेम. जन्म त्या घणाखाली गेला, होणारच होतं. कुणाला सांगू देत नाहीत. नंबरचा फोन तेवढा आवडीने करायचे, त्यात त्यांनाच बोलायचं असायचं ना. तू थांबलीस की बरोबर म्हणायचं." मग म्हणाली, "त्यांचा प्रिंटर तुला पुण्यात बसून दिसतो, कान नाही दिसले?"

लक्ष कुठे असतं तुमचं, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांचं सगळं लक्ष मी कधी बोलायची थांबते याच्यावर होतं. आणि मी, जिचं पोट दुसऱ्यांचं काय बिघडलंय ते ओळखण्यावर चालतं, त्यांच्याशी शेवटचा जो धागा उरला होता तो सोयीसाठी तोडून मोकळी झाले होते.

रविवारी मी पासवर्डवालं सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि नंबरवालं पुन्हा घातलं. त्याचं कारण आईने त्यांना काय सांगितलं कोण जाणे. थोड्या वेळाने फोन वाजला. बाबांनी घसा साफ केला आणि तीन-तीन आकडे तोडून, खड्या आवाजात नंबर वाचला. मी तो नीट टाकला.

"हं, आता परत म्हण."

मी म्हटलं, "बाबा, फार वाईट वागले मी. माफ करा मला."

मी बोलायची थांबले, तसं ते म्हणाले, "बरोबर."

स्क्रीन उघडला. नोटपॅड आधीच उघडून ठेवलेलं होतं, त्यात 'जेवलीस का' लिहिलेलं. इथे मी काहीही लिहिलं असतं तरी त्यांनी ते वाचलं असतं. ते मला ठाऊक होतं. माफी मी फोनवर मागितली होती, ऐकू जाणार नाही हे माहीत असताना. नोटपॅडमध्ये मी एवढंच लिहिलं, 'हो, जेवले. तुम्ही?'