चार मिनिटांचा शांत समुद्र

आमची सहा वर्षांची चिमी किनाऱ्यावर दिसेनाशी झाली, तेव्हा मी तिपाईवरच्या कॅमेऱ्याचं बटण दाबून उभा होतो. काळी काच लावून चार मिनिटं बटण दाबून ठेवलं की लाटा पुसल्या जातात आणि समुद्र सायीसारखा दिसतो, हे मी नुकतंच शिकलो होतो.

"अहो, चिमी कुठाय?" बायको ओरडली.

"असेल इथंच. दोनच मिनिटं राहिलीत," मी म्हणालो.

ती पाण्याकडे धावली, परत फिरली, हाका मारत कॅमेऱ्यासमोरून तीनदा गेली. चिमी शेवटी वाळूत ओढून ठेवलेल्या होडीआड खेकड्याचं बीळ उकरताना सापडली.

फोटो मात्र झकास आलाय. पाणी निवांत, खडक काळेभोर, किनारा रिकामा. जे हलतं ते असल्या फोटोत उमटत नाही. जिवाच्या आकांताने धावणारा माणूस नाहीसा होतो आणि दगड तेवढे राहतात. अजूनही तो फोटो पाहताना माझी नजर त्या रिकाम्या वाळूवर चिमीला शोधते.

भिंतीवर लावूया का, असं मी भीत भीत विचारलं. बायकोने तो बराच वेळ न्याहाळला.

"यात तुम्ही हवे होतात," ती म्हणाली. "अगदी स्पष्ट आला असतात. जागचे हललातच कुठे?"