पंचेचाळीस बोअर आणि सात बिबटे

आयुष्यात पहिल्यांदा रिव्हॉल्व्हर हातात धरलं तेव्हा माझ्या नावावर सात बिबटे जमा होते. सातही एकट्याने मारलेले, सातही गंगापूर धरणापलीकडच्या रानात, आणि सातवा तर पाठमोरा उभा राहून, दाढीच्या आरशात नेम धरून. नाशिकच्या अंबडला तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. त्यातल्याच एकात मी लेथवर फोरमन होतो, आणि पहिली पाळी सुटली की आबांच्या विहिरीच्या कठड्यावर बसून हे बिबटे मारत होतो. खरी बंदूक म्हणाल तर जत्रेतली पाहिली होती, फुगे फोडायची. फुगे शाबूत राहिले होते.

आबा म्हणजे माझे घरमालक. शहराला लागून त्यांचा फुलांचा मळा होता, झेंडू, शेवंती आणि एका कोपऱ्यात गुलछडी. मळ्यातल्या दोन पत्र्याच्या खोल्यांत मी भाड्याने राहायचो. माणूस एवढा आडवातिडवा की दारातून आत आला की खोलीत अंधार व्हायचा, पण झेंडू खुडताना बोटं अशी चालायची की झाडाला कळू नये. वहिनी चहा आणायच्या आणि माझ्या बिबट्यांचा हिशोब ठेवायच्या.

"भाऊजी, मागच्या आठवड्यात पाचच होते."

"वहिनी, एक गाभण होती. पोटातला धरला नव्हता."

त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. आबा हसायचे नाहीत, पण ऐकायचे. सगळंच खरं मानायचे, हा त्यांचा मोठेपणा आणि माझं दुर्दैव.

मग दिवेलागणीला मळ्यावर दरोडा पडला. चौघे होते. आबांना फुलांच्या पाट्या बांधायच्या सुतळीने खाटेला बांधलं. वहिनींनी गळ्यातलं द्यायला क्षणभर उशीर केला, तेवढ्यात डोक्यात काठी बसली. नवव्या दिवशी दवाखान्यात त्या गेल्या. मी त्या संध्याकाळी दुसऱ्या पाळीला होतो. घरी असतो तर काय केलं असतं हे मला नीट ठाऊक आहे. कॉटखाली शिरलो असतो.

आबांनी परवान्यासाठी अर्ज केला. झालं ते सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे परवाना मिळाला. त्यावर एक तारीख असते. तिच्या आत हत्यार विकत घ्यायचं, कचेरीत नेऊन दाखवायचं आणि परवान्यावर नंबर चढवून घ्यायचा. तारीख टळली की पुन्हा पहिल्यापासून अर्ज आणि चौकशी. आबा तो कागद घेऊन माझ्या दारात उभे राहिले. खोलीत अंधार झाला.

"फोरमन, चल माझ्यासंगं. तुला कळतं त्यातलं."

सात बिबटे मारलेला माणूस काय म्हणणार? गेलो.

मेन रोडच्या एका बोळात दुकान होतं. गल्ल्यामागे पांढऱ्या दाढीचे शेठ, समोर काचेचं कपाट, आणि त्यात माल म्हणाल तर जेमतेम. बाहेरून हत्यारं येणं बंद झालेलं, त्यामुळे जे होतं ते जुनं. शेठनी समजावून सांगितलं. मालक वारला की घरच्यांकडे परवाना नसतो, ते हत्यार दुकानात जमा करतात, गिऱ्हाईक मिळालं की विकतात. म्हणजे त्या कपाटातल्या प्रत्येक नळीचा धनी आधीच स्मशानात जाऊन आलेला. आबांना ते ऐकून काही वाटलेलं दिसलं नाही.

शेठनी बत्तीस बोअरचं एक छोटं रिव्हॉल्व्हर काढून फडक्यावर ठेवलं. "हे घ्या. हलकं, चांगलं. घरासाठी हेच नेतात लोक."

मी ते उचललं. धरायचं कसं ते कळेना म्हणून पटकन तोंड चालवलं. "शेठ, हा तर शेगडी पेटवायचा लायटर. बिबट्याला मारलं तर तो तिथे खाजवेल आणि पुढे चालू लागेल. माझ्या मामाकडे पंचेचाळीस होतं. त्याचा बार काढला की पंचवटीतल्या घंटा आपोआप वाजायच्या. एका गोळीत दोन बिबटे, आणि मागच्या बाभळीचं सरपण."

आबा माझ्याकडे बघत होते. "पंचेचाळीस हाय का?" त्यांनी शेठना विचारलं.

"लष्करी बोअरचं तुम्हाला चालणार नाही," शेठ म्हणाले. "पण परवान्यात बसेल असं एक पंचेचाळीस आहे, अमेरिकन. कागद पुरे व्हायचेत त्याचे. पंधरा-वीस दिवसांनी या. काडतुसं किती लिहू?"

"एक पुरं," आबा म्हणाले.

मी मोठ्याने हसलो. "बघा शेठ, नेमबाज कोणाला म्हणतात ते."

शेठ हसले नाहीत. त्या वेळी मला वाटलं, माणूस रुक्ष आहे.

पुढच्या रविवारी आबांची लेक चांदवडहून आली. एकुलती एक, तिथेच दिलेली. ती सरळ माझ्या खोलीच्या पायरीशी आली आणि उभ्यानेच बोलू लागली.

"काका, दसरा आठ दिवसांवर आलाय आणि झेंडू झाडावर वाळतोय. तुम्हाला दिसत नाही?"

दिसत होतं. मी त्याला दुःख म्हणत होतो.

"बैलजोडी मामांकडे नेऊन बांधली. आईची लुगडी मला बांधून दिली. विहिरीची मोटर कशी सुरू करायची ते मला शिकवतात, मी चांदवडला राहते तरी. आणि आता बंदूक घेतायत. काका, चोर परत येणार आहेत का? नेण्यासारखं राहिलंय काय आमच्यात?"

मला शेठची वही आठवली, आणि 'एक पुरं' हे शब्द. त्या शब्दांवर मी हसलो होतो. बत्तीसला लायटर म्हणून पंचेचाळीसच्या दारात त्यांना नेऊन उभं करणाराही मीच.

"त्यांना सांगा घेऊ नका म्हणून," ती म्हणाली. "माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात."

"सांगून ऐकणार नाहीत," मी म्हणालो. "पण तारीख टळेपर्यंत मी त्यांना काही पसंत पडू देणार नाही. खोटं बोलण्यात मला नाशिक जिल्ह्यात जोड नाही, पोरी."

"तेच म्हणते," ती म्हणाली.

दसरा तसाच गेला. सगळं गाव दाराला झेंडूचं तोरण बांधत होतं आणि फुलांच्या मळ्याच्या दाराला एक फूल नव्हतं. परवान्याला सहा दिवस उरले असताना आम्ही पुन्हा त्या बोळात शिरलो.

शेठनी खालच्या खणातून ते काढलं, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं. उघडलं आणि काचेवर ठेवलं तेव्हा काचेने आवाज केला. काळपट, जाड नळीचं, मुठीखाली दोरी अडकवायची कडी. मी आयुष्यभर ज्याच्या गप्पा मारल्या ते हे असं असतं हे मला तेव्हा कळलं. आबांनी ते तळहातावर घेतलं. त्यांच्या त्या परातीएवढ्या हातातही ते लहान वाटलं नाही.

मी सुरू केलं. आधी म्हणालो की या जातीचं रिव्हॉल्व्हर झटका देतं. सटाण्याच्या एका पाटलाने उडवलं तर गोळी समोर गेली आणि पाटील मागच्या खिडकीतून ओसरीवर. तीन दिवस त्याला उजवीकडचं डावीकडे दिसत होतं. मग म्हणालो, पावसाळ्यात हे दमतं. आमच्या मामांचं असंच आषाढात दमलं, चाप ओढला गुरुवारी आणि बार निघाला शनिवारी, तोवर बिबट्या पेठला पोचला होता. शेठ चष्म्यातून माझ्याकडे नुसते बघत राहिले.

आबांनी अंगठ्याने कडी हलवून पाहिली. "बरं हाय," ते म्हणाले. "हेच लिवा."

शेठनी वही ओढली. माझ्या पोतडीतलं सगळं संपलं होतं. आणि मग जे सुचलं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"याच्या मालकाचं मला ठाऊक आहे, आबा," मी म्हणालो. "दिंडोरीकडचा बागायतदार. बायको गेली त्याची. चोरांचं निमित्त सांगून हे घेतलं. चोर काही आले नाहीत. घरात तो आणि हे, दोघंच. एक दिवस त्याने स्वतःलाच संपवलं."

शेठनी पेन खाली ठेवलं.

"आपको किसने बताया?" ते हळूच म्हणाले.

मी आबांकडे पाहिलं.

"दिंडोरी नाही, निफाडकडचे," शेठ म्हणाले. "बाकी तसंच. मी कोणाला बोललो नाही. घरच्यांनी सांगितलं होतं, बोलू नका. तुम्हाला कसं कळलं?"

माझ्या तोंडातून त्या दुकानात निघालेली ती एकच खरी गोष्ट, आणि ती मला माहीत नव्हती. देवाशपथ सांगतो, रस्त्यावरच्या सायकलच्या घंट्याही मला ऐकू येईनाशा झाल्या.

आबांचा हात रिव्हॉल्व्हरवरच होता. मग त्यांनी विचारलं, "त्यानंतर घरात पयलं कोण शिरलं?"

"लेक," शेठ म्हणाले. "माहेरपणाला आली होती. कागद घेऊन तीच येते. तुम्ही बसलात ना, त्याच स्टुलावर बसते. मी हे बाहेर काढलं की म्हणते, काका, वर कापड टाका."

आबा स्टुलावरून उठले, जणू त्यावर कुणीतरी बसायला येणार होतं. फडक्याची चार टोकं त्यांनी त्या काळ्या जिनसेवर एकेक करून आणली, फुलांची पुडी बांधतात तशी, घट्ट नाही आणि सैल नाही. आणि ती शेठकडे सरकवली.

"लय जड हाय," ते म्हणाले.

बाहेर आलो. बसथांब्यापर्यंत चालत गेलो. तिथे निवाऱ्याच्या खांबाला टेकून आबांनी विचारलं, "फोरमन, तुझे बिबटे किती रं खरे?"

"एकही नाही, आबा."

"तुझ्या वहिनीला ठावं हुतं. मला म्हणायची, त्याला टोकू नका, बोलू द्या." त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "मला नव्हतं ठावं."

परवान्याची तारीख सहा दिवसांनी टळली. त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. आबाही मळ्यातून हलले नाहीत. कागद त्यांनी फाडला नाही, वहिनींच्या फोटोमागे खोचून ठेवला, आणि त्यानंतर जितके दिवस मी तिथे राहिलो तितके दिवस मी रोज चोरून बघायचो, तो तिथेच आहे ना. बैलजोडी परत आली नाही. पुढच्या वर्षी झेंडू लावला, पण अर्ध्याच वावरात. गुलछडीचा कोपरा वहिनींचा होता, तो तसाच पडीक राहिला. लेक महिन्यातून दोनदा यायची, मोटर सुरू करून बघायची आणि जायची. माणूस सुधारला असं मी म्हणणार नाही. माझ्या इतर थापांत ती एक नको.

मी मात्र कठड्यावर बसायला जात राहिलो. न जाण्याची भीती वाटायची. बोलायचं काय हा प्रश्न होता, कारण आता समोरच्याला सगळं माहीत होतं. काही महिने पावसावर आणि कारखान्यातल्या संपावर काढले. मग एका संध्याकाळी, दिव्यांच्या वेळेला, ती वेळ आबांना सोसत नसे म्हणून, मी जिवाच्या करारावर सुरुवात केली की पेठच्या घाटात परवा बिबट्या आडवा आला, माझा नववा.

आबा सुतळीचा गुंता सोडवत बसले होते. मान वर केली नाही.

"मागल्या टायमाला सात हुते," ते म्हणाले.

"मध्ये एक विहिरीत पडून मेला. तो मी धरतो."

"तो नाय धरायचा," आबा म्हणाले, आणि सुतळीचं दुसरं टोक शोधू लागले.