उदगीर रोडवरून परत आलेली फळी

या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचत आले. प्रत्येकाचा अनुभव वाचायचा आणि मनातल्या मनात त्याचं कारण शोधून मोकळं व्हायचं, ही माझी सवय. वाऱ्यानं दार वाजलं असेल, ताप असेल, अर्धवट झोपेत असाल... मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. भूत, आत्मा, संकेत असल्या विषयांची आमच्या घरात फक्त चेष्टा व्हायची. आजही कुणी विचारलं तर मी ‘असलं काही नसतं’ असंच सांगेन. पण मग त्या दुपारचं काय करायचं, ते मला कळत नाही. म्हणून लिहितेय.

माझे मिस्टर सुधाकर बँकेत होते. मूळचे उदगीरचे. पन्नाशीला आल्यावर आम्ही तारकर्लीला फिरायला गेलो आणि तिथं त्यांनी पहिल्यांदा पॅडलबोर्ड बघितला. म्हणजे एक लांबलचक फळी — पाण्यावर टाकायची, तिच्यावर उभं राहायचं आणि हातातल्या वल्ह्यानं पाणी मागे सारत जायचं. झालं! परत आल्यावर बोर्ड मागवला, आणि रविवार सकाळ म्हणजे विष्णुपुरी धरणाचं पाणी हे ठरून गेलं. काठावरचे मासे धरणारे हसायचे. “सायेब, होडी घ्या की, बसून तरी जाता येईल!” साहेब आपले उभेच. मी काठावर थर्मास घेऊन पेपर तपासत बसायचे. मी त्या फळीवर कधी पाय ठेवला नाही. मला पाण्याची भीती वाटते.

बोर्डावर उभं राहण्यापेक्षा तो चोरीला जाऊ न देण्याचाच यांना जास्त छंद आहे, असं मी म्हणायचे. आम्ही गाडीनं कुठंही निघालो की बोर्ड टपावर, आणि त्याचा बंदोबस्त एखाद्या मंत्र्यासारखा. टपाच्या कॅरिअरला आत पोलादी तार असलेले कुलपाचे पट्टे. त्यावरून सायकलची नंबरवाली केबल. बोर्डाखालचं पातं काढून माझ्या सीटखाली, कारण पात्याशिवाय बोर्ड सरळ जात नाही, मग चोराला उपयोग काय? गाडी लावायची ती एक बाजू भिंतीला घासेल अशी. हॉटेलात बसायचं तर गाडी दिसेल त्याच टेबलावर. तिथं दुसरं कुणी जेवत असेल तर त्यांचा मठ्ठा संपेपर्यंत आम्ही उभे!

पट्टा बांधताना प्रत्येक बाजूला ते एक पीळ द्यायचे. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो आणि गाडीत घूंऽऽ असा आवाज येतो, पीळ दिला की येत नाही. हे मात्र खरं आहे, फिजिक्सच आहे.

आणि कुणी जास्तच चौकशी केली — “काय हाय हो सायेब ह्ये टपावर?” — की हे शांतपणे सांगायचे, “तिरडी. नवीन मॉडेल.” माणूस दोन पावलं मागं. नंतर त्या गाडीकडं कुणी फिरकत नसे. मी चिडायचे, “असलं अभद्र बोलत जाऊ नका हो!” तर हसायचे.

गेल्या वर्षी त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. चांगला भरलेला माणूस डोळ्यांदेखत वाळत गेला. शेवटी शेवटी तर कूस बदलायलाही दोघं लागायचे. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेले. आमची मुलगी गौरी पुण्याहून आली, सगळं तिनंच केलं, अगदी अग्नीसुद्धा. पण रडली नाही. तेराव्यालाही नाही. मला तिची भीती वाटायला लागली होती.

बोर्ड गॅलरीत उभा होता. कपडे वाळत घालायला गेलं की समोर तो. शेवटी मीच माझ्या धाकट्या दिरांना फोन केला. राजाभाऊ औशाजवळ शाळेत शिक्षक आहेत आणि गावातल्या पोरांना तलावात पोहायला शिकवतात. म्हटलं, “भावजी, बोर्ड तुमच्या पोरांसाठी घेऊन जा.” ते म्हणाले, “वहिनी, तुम्हीच घेऊन या. मला तो तिथून उचलून आणवणार नाही.”

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी आणि गौरी निघालो. कुलपाच्या पट्ट्यांची किल्ली घरभर शोधली, सापडली नाही; केबलचा नंबर तर फक्त त्यांनाच ठाऊक. शेवटी साध्या पट्ट्यांनी बांधून निघालो. ते पट्टे नुसते खटका दाबला की सुटतात. पीळही दिला नाही... आम्हाला दोघींनाही आठवलं नाही. लोहा सोडल्यापासून पट्टे जे गुणगुणायला लागले ते थांबेचनात. गौरी गाडी चालवत होती. एकदा म्हणाली, “बाबा असते तर पहिल्या वळणावर गाडी थांबवली असती.”

अहमदपूर सोडल्यावर, शिरूर ताजबंदच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. ऑक्टोबरचं ऊन, आत कूलर होता. आम्ही कूलरजवळ बसलो. गाडी दिसत नव्हती. पिठलं-भाकरी खाल्ली, चहा घेतला, बाहेर आलो — टप रिकामा. पट्टेसुद्धा नाहीत.

ढाब्याचे मालक बिचारे धावत आले. “आत्ता तर हिथंच व्हती की बाई! ती पांढरी फळीच ना?” रस्त्यावर दोन्ही बाजूंनी बघून आले, पोराटोरांना विचारलं. कुणी म्हणालं, एक छोटा हत्ती टेम्पो उभा होता, गेला शिरूरकडं. मी पोलिसांना फोन लावला. पलीकडचे म्हणाले, “काय गेलं म्हणता? फळी? कशाची फळी, मॅडम?” पाण्यावरची फळी, एवढंच म्हणत राहिले.

आणि मागं वळून बघते तर गौरी गाडीच्या चाकाशी खाली बसलेली. रडत होती. तोंडावर हात न घेता, लहान असताना रडायची तशी, मोठ्यानं. “आई, एवढं एक सांभाळायचं होतं गं... एवढं एकच!” मी तिला धरून बसले. ढाब्याच्या मालकांच्या बायको पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि काही न विचारता आमच्याजवळ बसल्या.

पुढं जायचं मन होईना. तिथंच बाजेवर बसून राहिलो. ऊन कलायला लागलं तेव्हा शिरूरकडून एक टेम्पो आला आणि ढाब्यासमोर थांबला. केबिनवरून पुढं आलेला, पांढरा — आमचा बोर्ड.

ड्रायव्हर खाली उतरला. चाळिशीचा असेल. दाढी वाढलेली, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. ढाब्याच्या मालकांनी त्याची गचांडी धरली तरी त्यानं हात वर केला नाही. माझ्याकडं बघत म्हणाला, “बाई, फळी घ्या तुमची. अन् तुमच्या मालकाला सांगा, आणून दिली म्हणून.”

“कुठले मालक?” मी विचारलं.

“तुमचे. माझ्या मागं आलते की.”

मी ढाब्याच्या मालकांना त्याला सोडायला सांगितलं. तो तिथंच पायरीवर बसला आणि सांगायला लागला. त्याचं बोलणं मी जसं आठवतं तसं लिहितेय.

“मोकळी दिसली म्हणून उचलली, बाई. खोटं न्हाई बोलत. शेळ्याच्या शेडवर टाकावं म्हणलं, दर पावसाळ्यात पाणी आत येतंय. शिरूरवरून उदगीर रोडला लागलो तर ती हलाय लागली. म्हणून गाडी कडंला घेतली. तर बाभळीखाली एक सायेब उभे. आले अन् म्हणले, ‘असं न्हाई बांधायचं, सरक.’ सगळं सोडलं. माझंच पोतं घडी करून फळीच्या खाली घातलं. पट्ट्याला पीळ दिला. मी म्हणलं, पीळ कशाला? म्हणले, ‘न्हाईतर वाऱ्यात बोंबलतोय.’”

गौरीनं माझा हात घट्ट धरला. मी टेम्पोकडं बघितलं. दोन्ही पट्ट्यांना, दोन्ही बाजूंना, एक-एक पीळ होता.

“मग?”

“मग इचारलं, ‘कुठल्या पाण्यावर न्यायलास हिला?’ मी म्हणलं, पाणी कुठलं सायेब, शेडवर टाकायची हाय.” तो थांबला. “तसं ते गप झाले, बाई. रागावले न्हाईत. चोर म्हणले न्हाईत. फळीवर हात ठिवून उभे राहिले, अन् मग तिथंच मातीत खाली बसले. मयताच्या दारात माणूस बसतंय ना, तसं. मला कसंतरीच झालं. म्हणलं, सायेब पाणी पिता का? केबिनमधून बाटली काढून वळलो... तर न्हाईत. सोयाबीन निघालेलं, सगळं रान उघडं. माणूस जाईल कुठं? मला वाटलं मालकच असतील, गाडी पुढं लावून आले असतील. पण गाडी बी न्हवती. मग मला पुढं जाववलंच न्हाई.”

माझ्या मोबाइलवर सुधाकरचा शेवटच्या महिन्यातला फोटो होता. मी तो त्याच्यापुढं धरला. त्यानं नीट बघितला आणि मान हलवली.

“ह्ये न्हवं. ह्ये लई आजारी दिसतेत. ते चांगले तगडे होते.”

मी फोन खाली घेतला. सुटल्यासारखंही वाटलं आणि आतून काहीतरी गेल्यासारखंही. तेवढ्यात गौरीनं तिचा फोन पुढं केला. विष्णुपुरीच्या पाण्यावरचा फोटो — डोक्यावर टोपी, हातात वल्हं, हसणारे.

“ह्येच की!” तो म्हणाला. “ह्येच सायेब. कुठं हायत आता?”

गौरीनं फोन हळूच मागं घेतला. त्याला काय समजलं माहीत नाही, पण त्यानं हात जोडले आणि मान खाली घातली ती वर केली नाही. मला एकच विचारायचं होतं. कसं विचारावं ते कळेना, तरी विचारलं. “आमच्याबद्दल काही म्हणाले का? माझ्याबद्दल... हिच्याबद्दल?”

त्यानं खरंच आठवायचा प्रयत्न केला. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं की काहीतरी द्यावं असं त्याला वाटतंय. पण शेवटी म्हणाला, “न्हाई, बाई. फळीचंच बोलले.”

मी हसले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. आणि हसता हसता मला जे रडू फुटलं...

तक्रार केली नाही. त्यानंच बोर्ड आमच्या टपावर चढवला, बांधला, पट्ट्यांना पीळ दिला. औशापर्यंत पट्टे गप्प होते. राजाभाऊंना सगळं सांगितलं, ते अंगणात येरझारा घालत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड तलावात उतरला. पोरं पडत होती, चढत होती, एकच गलका. राजाभाऊ गळाभर पाण्यात उभे राहून ओरडत होते आणि मधेच तोंड धुतल्यासारखं करत होते.

आता कारणं. ती मी सगळी शोधली आहेत. टेम्पोवाल्यांना पट्ट्याचा पीळ माहीत असू शकतो. पहिल्या फोटोला नाही म्हटल्यावर दुसऱ्याला माणूस हो म्हणतोच. थोडं पुढं थांबून त्यानं गौरीला रडताना बघितलं असेल, मन खाल्लं असेल, आणि परत यायला एक गोष्ट रचली असेल. माझ्या विद्यार्थ्यानं हे लिहिलं असतं तर मी पूर्ण मार्क दिले असते. फक्त, गोष्ट रचणारा माणूस विधवा बाईला ‘तुमची आठवण काढली’ असं म्हणाला असता. तो तसं म्हणाला नाही.

परतताना मी गौरीला गाडी शिरूरवरून उदगीर रोडला घ्यायला लावली. त्यानं सांगितलेली बाभूळ सापडली. निदान तीच असावी. मी खाली जाऊन बसले. ऊन होतं, समोर मोकळं रान. एक ट्रॅक्टर गेला, दोन मोटरसायकली गेल्या. एका म्हाताऱ्यानं थांबून विचारलं, गाडी बंद पडली का? नाही म्हटलं. मी बराच वेळ बसले. कोणी आलं नाही.

मग गौरी गाडीतून उतरली आणि माझ्याशेजारी मातीत येऊन बसली.

“आई,” ती म्हणाली, “बाबा त्या चोराला भेटले. मग आपल्याला का नाही?”

मी तिला काय सांगणार? तुमच्यापैकी कुणाला सांगता येत असेल तर सांगा.