कोणाची अक्षरं

सिरसाळ्यात आमच्या किराणा दुकानामागे एक खोली होती. पूर्वी तिच्यात शेंगदाण्याची पोती असायची. मी परळीहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आलो आणि पोत्यांच्या जागी मॉनिटर, स्कॅनर, प्रिंटर, झेरॉक्स येऊन बसले. देश खुला झाला, असं तेव्हा पेपरात रोज यायचं. माझ्या वाट्याला आलेल्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती. तिथे मी लग्नपत्रिका करायचो, तेराव्याची कार्डं करायचो आणि निवडणूक लागली की पत्रकं. आई रोज सकाळी मॉनिटरच्या कपाळावर भस्माची तीन बोटं ओढायची आणि चपला घालून कोणाला आत येऊ द्यायची नाही.

त्या वर्षी ग्रामपंचायतीला दोन पॅनल उभी होती, एक वरच्या आळीचं आणि एक स्टँडकडचं. दोन्हीकडची घरं आमच्याच दुकानातून तेलमीठ न्यायची. वडील कोणाच्याही सभेला जायचे नाहीत. दोन घरचा पाहुणा उपाशी, असं लोक म्हणतात. वडील म्हणायचे, म्हणून आपण पाहुणा व्हायचंच नाही, आपल्या गादीवर बसायचं. त्यांनी मत कोणाला दिलं हे आईलाही कधी कळलं नाही. आमचं दुकान त्याच्यावरच उभं होतं. तोच हिशेब धरून मी दोन्ही पॅनलची पत्रकं करत होतो, एकाच यंत्रात, दोन फोल्डरांत. आपण फार चतुर आहोत असं मला वाटत होतं.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दुपारी यंत्र बिनसलं. फाइल उघडायला गेलं की पडदा गोठायचा. बंद करून चालू केलं की दोन मिनिटं बरं चालायचं आणि पुन्हा तेच. परळीच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, व्हायरस आहे, डबीतल्या सगळ्या फ्लॉप्यांना लागला असणार. सगळं पुसून विंडोज नव्याने टाक. त्याआधी यंत्राबरोबर आलेल्या मूळ फ्लॉपीवरून चालू कर आणि हवं तेवढं एखाद्या कोऱ्या फ्लॉपीवर काढून घे. माझ्याकडे पाकीट न फोडलेली एकच फ्लॉपी होती.

फोन ठेवतोय तोवर वरच्या आळीचे आबा दारात उभे. गावातले मोठे बागायतदार, पॅनल त्यांचंच. संध्याकाळच्या सभेत त्यांना पत्रक वाटायचं होतं. मी त्यांना सांगितलं की यंत्रात व्हायरस शिरलाय.

"कोणी घातला?"

"घातला न्हाई आबा, शिरला."

"आपल्या गावात आपुनहून काय शिरत न्हाई. कोणीतरी दार उघडतंय, तवाच शिरतंय."

मग त्यांनी शांतपणे विचारलं, स्टँडकडच्यांनी इथे काय काय आणून दिलं होतं. आता मी खोटं काय बोलणार? स्टँडवाल्यांनी त्यांच्या उमेदवारांचे फोटो माजलगावहून फ्लॉपीवर आणले होते. व्हायरस त्यातूनच आला की माझ्याच एखाद्या जुन्या फ्लॉपीतून, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. पण आबांनी निकाल देऊन टाकला होता. त्यांनी चपला काढल्या, माझी खुर्ची ओढून बरोबर दारात ठेवली आणि तिच्यावर बसले. त्यांची दोन माणसं पुढे दुकानात साखरेच्या पोत्यांवर बसली. कोणी आवाज चढवला नाही. उलट आबांनी चहा मागवला आणि मला म्हणाले, निवांत कर, आम्ही आहोत. खोलीला दार एकच.

परळीहून आणखी फ्लॉप्या आणू का, असं मी विचारलं. नको म्हणाले. आमची जीप आज परळीकडे गेली की स्टँडवाल्यांना कळणार, आपलं काहीतरी बिघडलंय. मग मला वाटलं, निदान लाइट जाईल आणि माझी सुटका होईल. दुपारी ती जायचीच. पण आबांनी वायरमनकडे आधीच माणूस धाडला होता. त्या दिवशी आमच्या भागात लाइट गेली नाही. एरवी लाइट गेली की मी शिव्या घालायचो, त्या दिवशी ती जात नाही म्हणून घातल्या, अर्थात मनातल्या मनात.

आबांचं म्हणणं सोपं होतं. "आमचं तेवढं काढून घे. त्यांचं राहू दे आत. तुला पुसायचंच हाय की."

मीही तेच करणार होतो. भीतीच तशी वाटत होती. मूळ फ्लॉपी घालून यंत्र चालू केलं, काळ्या पडद्यावर आबांच्या पत्रकाची फाइल शोधली. फोटोंमुळे ती एवढी फुगली होती की अख्खी फ्लॉपी तिलाच लागणार होती. एंटर दाबायला बोट नेलं आणि आठवलं. मागे धारूरच्या एका दुकानात माझी एक लग्नपत्रिका उघडली होती. त्यांच्याकडे माझे फॉन्ट नव्हते. वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं आली होती. मराठी अक्षरं पत्रकात नसतात, ती यंत्रात वेगळी ठेवलेली असतात. आणि त्या फॉन्टच्या मूळ फ्लॉप्यांना कधीच बुरशी लागली होती. तसंच यंत्र पुसलं असतं तर आबांचं पत्रक माझ्या हातात असतं आणि ते जगात कोणाला वाचता आलं नसतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, म्हणतात ते हेच. मी कोऱ्या फ्लॉपीवर फॉन्ट आणि मराठी टाइप करायचा प्रोग्रॅम काढला. दुसरं काही मावलं नाही.

"काय काढलंस?"

"अक्षरं."

"कोणाची?"

"मराठीची, आबा. तुमचं पत्रक कागदावरून पुन्हा टाइप करतो. फोटो डिंकानं चिटकवू."

त्यांनी जरा विचार केला. "मंजी त्यांची नावं बी ह्यातूनच निघणार की."

"अक्षरं एकच असतेत, आबा."

"आमच्या नावापुरती काढायची व्हती."

ते थट्टा करताहेत असं वाटून मी हसलो. ते हसले नाहीत. मग मी यंत्र पुसायला घेतलं. पडद्यावर टक्के वाढत होते आणि आबा ते माझ्या खांद्यावरून वाचत होते. शंभर झालं म्हणजे काम झालं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, शंभर झालं म्हणजे आत काहीच उरलं नाही. मग सीडीवरून विंडोज टाकलं, फॉन्ट टाकले आणि त्यांचं पत्रक ओळन्‌ओळ पुन्हा टाइप केलं. झेरॉक्समध्ये सगळे उमेदवार कोळशासारखे काळे आले, पण नावं वाचता येत होती. आबांनी पहिला कागद नीट वाचला, चपला घातल्या आणि पुढे गादीपाशी जाऊन उभे राहिले. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"आप्पा, पोरगं लई हुशार हाय तुमचं. निस्तं कुणीकडचं हाय, तेवढं आज ठरवून टाका."

थोड्या वेळाने वडिलांनी टोपी घातली आणि दुकानाकडे लक्ष ठेव, एवढंच मला सांगून बाहेर पडले. उधारी मागायला जात असतील असं मला वाटलं.

तेवढ्यात स्टँडकडचे एक काका हाताने लिहिलेला कागद घेऊन आले. यंत्र दुरुस्त झाल्याचं आणि जुनं सगळं पुसलं गेल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. माझ्याबद्दल त्यांच्या मनात काही नव्हतं. शेजारी बसून ते मजकूर सांगू लागले आणि मी टाइप करू लागलो. दोन्ही पत्रकं झाली की आपण सुटलो, असं मी धरून चाललो होतो.

वरच्या आळीची सभा सुरू झाली होती. भोंग्याचा आवाज खोलीपर्यंत येत होता. व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेणं चाललं होतं. चार-पाच नावं झाली आणि मग माझ्या वडिलांचं नाव आलं. आबांच्या हस्ते त्यांना फेटा बांधण्यात येतोय, असं सांगितलं गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काकांनी मजकूर सांगायचा थांबवला. वाक्य अर्धंच राहिलं होतं. माझी बोटं कळांवर तशीच होती आणि मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी माझ्यासमोरचा कागद उचलला, घडी घालून खिशात ठेवला.

"राहू दे बाबा," ते म्हणाले. "तुमी तरी काय करताल."