आईच्या मनगटावरचं घड्याळ

नोकरीत असेपर्यंत माझ्या आईनं कधी मनगटावर घड्याळ बांधलं नाही. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ती कामाला होती. तिच्या विभागात आत जाताना घड्याळ, किल्ल्या, केसांतल्या पिनासुद्धा बाहेर काढून ठेवाव्या लागत. रोज काढायचंच आहे तर घालायचं कशाला, असं तिचं म्हणणं. वेळ तिला भोंग्यावरून कळायची. आम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो आणि तिथं सगळ्या घरांचं घड्याळ म्हणजे तो भोंगाच होता.

वडील शाळेत शिक्षक होते. ते आईच्या आधी घरी येत. संध्याकाळचा भोंगा झाला की ते चहाचं आधण ठेवत आणि मी गॅलरीत जाऊन उभी राही. आधी सायकलवाले दिसत, मग चालत येणाऱ्या बायकांचे घोळके. आई तिच्या मैत्रिणीबरोबर येई. दोघी एकाच विभागात, दिवसभर शेजारी शेजारी काम करायच्या, तरी आमच्या कोपऱ्यावर आल्या की पुन्हा थांबून बोलत राहायच्या. वरून मला त्यांच्या कापडी पिशव्या आणि हलणारे हात दिसायचे. चहा निवायचा. वडील तो पुन्हा गरम करायचे.

एका संध्याकाळी भोंगा झाला, सगळे आले, पण त्या दोघी आल्या नाहीत. अंधार पडला. मी सारखी आत-बाहेर करत होते.

"येईल," वडील म्हणाले. त्यांनी पिठलं केलं, आम्ही जेवलो, आईचं ताट झाकून ठेवलं. शेजारच्या बाई येऊन सांगून गेल्या की त्या दोघींना त्यांनी दवाखान्याच्या रस्त्याला वळताना पाहिलं. तेवढ्यावर वडिलांनी पेपर उघडला. मैत्रिणीचे दिवस भरत आले होते, हे त्यांना ठाऊक होतं.

आई घरी आली तेव्हा मला झोप येत होती. वडिलांनी विचारलं, "काय झालं?"

"मुलगी."

"बरं. जेवून घे."

एवढंच बोलणं झालं. त्या संध्याकाळी वडिलांच्या मनात काय चाललं होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पेपरचं एकच पान ते किती तरी वेळ वाचत होते, एवढं मात्र आठवतं.

आई निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावी लागली. दोघांनी खडकी स्टेशनपासून जवळ दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. पुढे वडील गेले आणि आई एकटी राहिली. मी लग्नानंतर सदाशिव पेठेत राहते, नोकरी हिंजवडीला. तिला म्हटलं, आमच्याकडे चल. ती म्हणाली, "तुमच्याकडे स्कूटर लावायला जागा नाही, मला कुठं लावशील?"

एकदा ती मोरीत चक्कर येऊन पडली. फार लागलं नाही, पण माझा धीर सुटला. मी तिला स्मार्टवॉच घेऊन दिलं. हृदयाचे ठोके मोजणारं, पडल्यावर कळवणारं, आणि हे सगळं माझ्या फोनवर दाखवणारं. आयुष्यात पहिल्यांदा आईच्या हातावर घड्याळ आलं. तिनं हात लांब धरून ते बघितलं आणि विचारलं, "ह्याला चावी कुठं द्यायची?"

सुरुवातीचे महिने मला फार बरे गेले, हे खरं सांगते. कंपनीची बस ट्रॅफिकमध्ये अडकलेली असायची आणि मी फोनवर आईचे ठोके बघत बसायची. आकडा चढला की समजायचं, जिना चढतेय. दुपारी खाली आला की जरा आडवी झाली असणार. तिच्यापासून इतक्या लांब, आणि तरी लहानपणी तिच्या कुशीत झोपताना ऐकू यायचा तोच ठोका माझ्या तळहातावर. बसमध्ये शेजारी बसणारी मुलगी एकदा म्हणाली, "मॅडम, तुम्ही क्रिकेटचा स्कोअर बघता का?" मी हो म्हटलं.

आईची मात्र त्या घड्याळाशी कुरबुर चालू होती. ते एक दिवस कसंबसं टिकायचं. रोज संध्याकाळी काढून चार्जिंगच्या छोट्या चकतीवर ठेवायचं, आणि नेमकं तेव्हाच तिला भाजीला जायचं असायचं. शिवाय फोन जवळ नसला तर ते माझ्यापर्यंत काहीच पोचवू शकायचं नाही. आईच्या साडीला कुठला खिसा? फोन पिशवीत टाकायचा तर ती म्हणायची, "कोथिंबीर आणायला निघाले तरी बरोबर हे लटांबर. एकाला खायला घाला, तोवर दुसरं उपाशी."

मी तिला समजावत राहिले. ती ऐकल्यासारखं करत राहिली.

मग एका दुपारी ऑफिसात फोन बघितला तर आईच्या ठोक्यांच्या जागी करडं हृदय आणि खाली 'शेवटची नोंद सकाळी'. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली असते, त्यांना फोन केला. त्या दार उघडून आत गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, फोन इथंच फ्रिजवर आहे, चार्जिंगला. तुझेच मिस्ड कॉल दिसतायत. आई नाहीत. चपला पण नाहीत."

मी टॅक्सी करून निघाले. सगळा रस्ता मी त्या करड्या हृदयाकडे बघत होते. बोटानं खाली ओढलं की ते क्षणभर गोल फिरायचं आणि पुन्हा तेच. घड्याळ नसतं तर मी या वेळी मीटिंगमध्ये बसलेली असते, आई घरी नाही हे मला कळलंही नसतं, हे डोक्यात येत होतं. त्यानं भीती कमी झाली नाही.

काकूंनी मला चहा दिला. आमचं दवाखान्यात, देवळात, वाण्याकडे विचारून झालं. मग करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मी आईच्या गॅलरीत जाऊन उभी राहिले. दिवेलागणीला ती स्टेशनकडून येताना दिसली. सावकाश, पिशवी या हातातून त्या हातात घेत.

दारातच मी विचारलं, "कुठं होतीस?"

"तळेगावला. तिचे मिस्टर गेले." ती म्हणजे कारखान्यातली मैत्रीण. मुलीच्या जवळ राहायला ती तळेगावला गेली होती. "सकाळी निरोप आला. लोकल मिळत होती, तशीच निघाले."

"आणि घड्याळ?"

तिनं मनगट पुढं केलं. काच काळी पडली होती. "हे शिवाजीनगरहून येणारी लोकल दिसायच्या आधीच गेलं. काल चार्जिंगला लावायचं राहिलं होतं."

"फोन का नाही नेलास?"

"विसरले. चार्जिंगला होता."

"आई, तिथं इतकी माणसं असतील. कुणाच्याही फोनवरून मला एक फोन करता आला नसता?"

ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "केला असता गं. तुझा नंबर मला पाठ नाही. तुझं नाव दाबलं की लागतो, एवढंच मला माहीत. तिच्या क्वार्टरमधल्या फोनचा नंबर अजून पाठ आहे बघ. तो आता कुणाचाच नाही."

मी रागावणार होते, पण माझाही तिच्यापेक्षा निराळा प्रकार नव्हता. नवऱ्याचा नंबर सोडला तर मला एकही पाठ नव्हता.

"तिनं हात धरला होता माझा," आई म्हणाली. "सोडायलाच तयार नव्हती. वेळ बघायचं सुचलं नाही."

मी तिच्यासाठी पाणी आणलं. मग भात टाकला. भात होईपर्यंत मी तिला माझा नंबर म्हणून दाखवत होते आणि ती माझ्यामागून म्हणत होती, वडील मला पाढे म्हणायला लावायचे तसं. मधले आकडे ती सारखे उलटे करायची आणि स्वतःवरच चिडायची. जेवणं होईपर्यंत तिला तो नीट यायला लागला.

घड्याळ काही आम्ही फेकून दिलं नाही. पुढे एकदा त्यानंच ठोके अनियमित असल्याचं दाखवलं, डॉक्टरांनी तपासणी केली, गोळी बदलली. त्याचे उपकार आहेतच. पण ते चालतं तोवरच चालतं, आणि फोनच्या सावलीत राहिलं तरच बोलतं, हे आता आम्ही दोघींनी गृहीत धरलं आहे. बसमध्ये ते ठोके बघत बसणं मी सोडलं. जेवणाच्या सुट्टीत फोन करते. आई सांगते, आज काय केलं, जिन्यात कोण भेटलं. कधी नुसतं "बरी आहे" म्हणून ठेवते. आकड्यांवरून मला तिची चाल कळायची, पण तिचं कुणाशी भांडण झालं ते कळत नव्हतं.

परवा रविवारी आम्ही दोघी तळेगावला गेलो. मैत्रिणीच्या मुलीनं दार उघडलं, तिचेही केस आता पिकायला लागलेत. दोघी म्हाताऱ्या खिडकीशी बसल्या. जुन्या सुपरवायझरची नक्कल झाली, कुणाच्या डब्यात काय असायचं ते झालं, गेलेल्या माणसांची नावं झाली. मी पलीकडच्या खाटेवर जरा टेकले आणि त्यांच्या आवाजात मला कधी झोप लागली ते कळलंच नाही. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं. कुणी तरी माझ्या अंगावर चादर टाकली होती. त्या दोघी तशाच बोलत होत्या. निघू या का, असं कुणीच म्हणत नव्हतं, म्हणून मीही डोळे मिटून घेतले.