आठ आण्यांचा पालक

"चान्स किती, तेवढा सांग," हिराबाई म्हणाली.

मी तिच्या मुलीची बी.ए.ची मार्कशीट बघत होतो. अंधेरीला स्टेशनजवळ माझं ऑफिस म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि अशिलांसाठी एक बाकडं. हिराबाई वेसाव्याची, दोन होड्यांची मालकीण. होडीचा एक दावा मी तिला जिंकून दिला होता. तेव्हापासून कायद्यातलं सगळं मला कळतं, असा तिचा समज होता आणि मीही तो कधी दूर केला नव्हता. मुलगी नंदा दाराशी उभी होती. तिला वकील व्हायचं होतं, तेही फोर्टातल्या नावाजलेल्या लॉ कॉलेजातून. इकडे मामाने मढचं स्थळ आणलं होतं. कॉलेजचा भरवसा नसेल तर याच महिन्यात सुपारी फोडायची, असं हिराबाईने बजावलं होतं.

दावा लावण्याआधी अशील विचारतो, जिंकू का? त्यावर वकील जे मत देतो त्याला आम्ही ओपिनियन म्हणतो. ओपिनियन देताना स्वतःचा पाय कुठे अडकू द्यायचा नाही, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो. नंदाचे इंग्रजीचे मार्क उत्तम, बाकी सगळा जेमतेम कारभार. मुलाखत प्रिन्सिपॉल स्वतः घेत. ते खूश झाले तर आत, नाहीतर बाहेर.

"फिफ्टी-फिफ्टी," मी म्हणालो.

हिराबाईने बोटांवर हिशेब केला. "जास्ती व्हतंय."

"जास्त कुठे? दुसरा वकील चाळीसच्या वर गेला नसता."

"मंग तू पन चाळीस बोल ना."

"अहो, कमी-जास्त करायला हा काय बाजार आहे? मी सगळं बघून बोलतोय. पन्नास."

तिने नंदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं, पन्नास. पन मंग कालेजात तू आमच्यासंगं यायचा."

अशिलाचा एवढा विश्वास बघून मला अगदी भरून आलं. नंदा खाली बघून हसत होती. मला वाटलं, आनंदाने.

मुलाखतीला आम्ही तिघे गेलो. प्रिन्सिपॉल बॅरिस्टर होते, कमी बोलणारे. त्यांनी नंदाचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"पालकाच्या रकान्यात दोन नावं आहेत. आईच्या पुढे आठ आणे, तुमच्या पुढे आठ आणे. हा काय प्रकार आहे?"

अक्षर नंदाचं होतं. मी तोंड उघडण्याआधीच हिराबाई बोलली.

"बरोबर हाय, सायेब. यो वकीलदादा माज्या पोरीत अर्धा भागीदार हाय. पुढं ती वकिली करल त्यात निम्मा वाटा याचा. मी चाळीस बोलले, पन आयकला नाय."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. होडीच्या धंद्यात फिफ्टी-फिफ्टी म्हणजे भागीदारी, दोघांचे आठ-आठ आणे. मी चान्स सांगत होतो आणि हिराबाई माझ्याशी घासाघीस करत होती. गैरसमज आहे म्हणावं, तर हिराबाई उठणार आणि नंदा थेट मढला. हो म्हणावं, तर अशिलाच्या मुलीत हिस्सा घेणारा वकील म्हणून माझी सनद गोत्यात.

"तुम्ही आठ आण्यांचे पालक आहात?" प्रिन्सिपॉलांनी विचारलं.

"सध्या तरी," मी म्हणालो.

ते नंदाकडे वळले आणि इंग्रजीत विचारू लागले. "अशी भागीदारी कायद्यात बसते?"

"नाही, सर," नंदाही इंग्रजीतच म्हणाली. "मी एकवीस वर्षांची आहे. सज्ञान माणसाला पालक लागत नाही, त्यामुळे दोघांचाही हिस्सा शून्य. पण एकही रकाना रिकामा ठेवू नये असं फॉर्मवर छापलंय, म्हणून भरला."

प्रिन्सिपॉलांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पुसताना त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी लाल पेन्सिलीने तो रकाना खोडला आणि खाली सही केली. नंदाला प्रवेश मिळाला.

बाहेर हिराबाई तंबाखू घ्यायला गेली, तेव्हा मी नंदाला गाठलं.

"तुला त्याच दिवशी कळलं होतं ना गं?"

"हो, काका."

"मग बोलली का नाहीस?"

"चान्स अर्धाच आहे म्हटल्यावर आईने फॉर्म भरूच दिला नसता. पण वकील स्वतः अर्ध्यात उतरतोय म्हणजे जाळं भरणारच, असं तिने मामाला सांगितलं. मामाने मग सुपारीचं नाव काढलं नाही."

मला राग यायला हवा होता. आला तो अभिमान, आणि थोडी धास्तीही.

तेव्हापासून मी अशिलाला आकड्यात ओपिनियन देत नाही. नुसतं "बघू" म्हणतो. आपल्यात भागीदारी नाही, हे हिराबाईला सांगायचं काम मात्र मी नंदावर सोपवलं होतं. पुढे नंदा वकील झाली आणि तिने पहिला दावा जिंकला, तो नेमका माझ्याविरुद्ध. मी पडेल चेहऱ्याने कोर्टाच्या पायऱ्या उतरत होतो. हिराबाई खाली उभी होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मन लहान नको करू, वकीलदादा," ती म्हणाली. "अर्धा तूच जिकलास."