ओरिनच्या घड्याळाची सरळ रेघ

ओरिन हाउगलँडने उभी हयात दुसऱ्यांची मापं तपासण्यात घालवली. अमेरिकेतल्या दुलुथ शहरातले पेट्रोल पंप आणि दुकानांतले तराजू खरं सांगतात की नाही, हे पाहायची त्याची सरकारी नोकरी. रिटायर झाला, तरी खोड गेली नाही. तळघरात त्याने स्वतःच्या हाताने बनवलेलं लंबकाचं घड्याळ होतं, आणि त्याची चूक मोजण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली.

आमच्या घड्याळवाल्यांच्या मंडळात जेमतेम सहा डोकी. किती वाजले, असं आम्ही एकमेकांना विचारत नाही. किती चुकतंय, असं विचारतो. लंबकाचा प्रत्येक झोका उपग्रहावरून येणाऱ्या वेळेशी ताडायचा आणि संगणकावर त्याचा एक ठिपका पाडायचा. घड्याळ चांगलं असेल तर ठिपक्यांची बारीक रेघ होते. ओरिनची रेघ मात्र सुरवंटासारखी केसाळ.

कारण त्याची बायको, व्हर्ना. घड्याळाचा खांब वरच्या स्वयंपाकघराच्या जमिनीखालच्या तुळईला जोडलेला होता. तिने ओट्यापासून खिडकीपर्यंत पावलं टाकली की खाली ठिपके विस्कटायचे. बाबा रे, खांब हलव, असं सांगून आम्ही थकलो. त्यापेक्षा बायकोला हलवणं त्याला सोपं वाटलं असावं.

"व्हर्ना, पाय हळू टाक!" तो खालून ओरडायचा.

"हवेत तरंगू का आता? ये वर आणि तूच लाट हे पीठ!" ती वरून.

पण त्या ठिपक्यांपायी दहा वर्षांपूर्वी तिने घरात बूट घालणं सोडलं ते सोडलंच. लोकरीचे मोजे घालून वावरायची. घड्याळासाठी तळघर गार ठेवलेलं, त्यामुळे हिवाळ्यात वरच्या जमिनीवर उभं राहवत नसे. "घड्याळ त्याचं, पाय माझे," असं ती मला ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ वाढताना सांगायची आणि हसायची. मीही हसायचो.

फेब्रुवारीत व्हर्ना झोपेतच गेली. चर्चमध्ये ओरिनने सगळ्यांचे एकाच आवाजात आभार मानले. मलाही त्या दिवशी काही वाटलं नाही. कॉफी पातळ होती एवढंच आठवतं.

एप्रिलमध्ये एका मंगळवारी त्याचा फोन आला.

"लाइल, दुपारी येतोस? माझी रेघ सरळ झालीये."

"अरे वा! पार्टी कधी?"

"चूक झाली असणार कुठेतरी. तू शोधून दे."

"मीच का?"

"या चुकीचा तुझ्याइतका अनुभव आहे कोणाला?"

टोमणा बरोबर बसला. सत्त्याण्णव साली मी दोन्ही तारा, लंबकाची आणि उपग्रहाची, एकाच घड्याळाला जोडल्या होत्या. म्हणजे घड्याळ स्वतःशीच ताडलं जात होतं. अर्थातच चूक शून्य. मी मंडळात केक वाटून मोकळा झालो. ते लोक अजून माझ्या नावाने केक मागतात.

दुपारी गेलो. ओरिन आता तळघरातच राहत होता, वरच्या स्वयंपाकघरात फिरकत नव्हता. पडद्यावर रेघ फेब्रुवारीपासून ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ होती. असली रेघ आमच्यापैकी कोणाला जन्मात मिळालेली नाही.

"तारा बघ," ओरिन म्हणाला.

त्याच्याकडे पाहिलं आणि मला कळलं. एखादी तार चुकीची निघावी, म्हणून त्याने मला बोलावलं होतं. ती निघाली नाही, तर सव्वीस वर्षं त्याने मोजलेली चूक म्हणजे व्हर्ना होती, आणि आता ती चूक संपली होती.

मी बोट ठेवून तारा तपासल्या. एक लंबकाकडून येत होती, दुसरी छपरावरच्या अँटेनाकडून.

"पुन्हा बघ."

पुन्हा पाहिल्या. मनात आलं, एक हळूच उपटावी आणि म्हणावं, गाढवा, केलंस ना माझ्यासारखंच! पण मी गेल्यावर त्याने स्वतः तपासलंच असतं. ज्याने आयुष्यभर लोकांचे तराजू पकडले, त्याला कोण फसवणार?

"सगळं बरोबर आहे, ओरिन."

"हं." त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मला त्याची भीती वाटली.

"वर जाऊन चाल जरा. ओट्यापासून खिडकीपर्यंत."

मी वर जाऊन चाललो. "दिसतंय का?"

"दिसतंय. आता बूट काढून चाल."

बूट काढले. मोज्यांतून गारठा थेट हाडात गेला. चार फेऱ्या मारल्या. तसाच मोज्यांत खाली उतरलो.

पडद्यावर सरळ रेघेला दोन ठिकाणी केस फुटले होते, एकदा बुटांनी आणि एकदा मोज्यांनी. दोन्ही अगदी सारखे.

"वजन," ओरिन म्हणाला. "पावलाच्या आवाजाचा संबंधच नाही. माणूस चालला की तुळई वाकते. पायात काहीही घाला."

"म्हणजे मोजे..."

"उगाच. दहा वर्षं."

दुकानदाराला तराजू किती ग्रॅमने खोटा आहे ते सांगावं, त्या आवाजात त्याने हे सांगितलं. डोळे माझे भरून आले, त्याचे नाही.

त्याने पडद्यावर मोज्यांनी फुटलेल्या केसांवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "अजून थोडं चालशील वर?"

"किती वेळ?"

"थोडा."

मी जिन्याकडे वळलो. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तोच मागून त्याचा आवाज आला.

"लाइल, बूट घाल. जमीन फार गार असते तिथली."